मी न पाहिलेला सिनेमा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. रंग उडालेला, कडेला दोन पोचे आलेला, मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातल्या एका गावच्या कचेरीवर खांबाला बांधलेला. आणि गंमत बघा, आज मी तुम्हांला माझ्या सर्वांत आवडत्या सिनेमाविषयी सांगणार आहे, जो मी पाहिलेलाच नाही!

माझा जन्म शहरातल्या कारखान्यात झाला. खेचराच्या पाठीवरून मी इथे आलो आणि गावाचे तोंड झालो. कुणी डुक्कर कापले, कुणाची शेळी हरवली, पानात उकडलेले मक्याचे गरम तमाले कुठे मिळतील, सगळे कचेरीतले रेमिहिओकाका खालच्या खोलीत माइकवर सांगत आणि मी ते डोंगरभर पोचवत असे. "काय खणखणीत आवाज आहे!" म्हणून लोक माझे कौतुक करत. पुढे मी घोगरा झालो, तेव्हा "याला सर्दी झालीय" असे टोमणेही मारू लागले.

सणाच्या दिवसांत गावात सिनेमावाले आले. कचेरीपुढच्या बास्केटबॉलच्या मैदानावर पडदा लागला. लहानथोर आपापल्या खुर्च्या डोक्यावर घेऊन आले. नेमका सिनेमावाल्यांचा स्पीकर जळाला आणि सगळ्यांना माझी आठवण झाली. मी हरखून गेलो. इतक्यात सेनाइदा धापा टाकत आली. तिची मुलगी एल्विया खेचरावरून पडली होती आणि मोडलेला पाय घेऊन दरीपलीकडच्या घरात पडून होती.

"काका, पोरगी सकाळपासून जेवली नाही. सगळे सिनेमा बघणार आणि मी छत बघू का, म्हणते. कर्ण्याचं तोंड आमच्याकडे वळवाल का?"

"वळवतो की! पण सिनेमा खेचराचाच आहे हं. चिडेल ती."

"चिडलेलीच आहे. निदान तिला ऐकू तरी द्या."

काकांनी शिडी लावून मला वळवले. सेनाइदा लगेच घराकडे पळाली. माझी मात्र पडद्याकडे पाठ झाली. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले.

सिनेमा कार्टूनचा होता. एका जादूगाराने पहाट मडक्यात कोंडून ठेवलेली. ती सोडवायला एक मुलगी निघते, सोबत पंख असलेले खेचर. पण ते उंचीला घाबरते! त्याची कुरकुर माझ्या घोगऱ्या गळ्यातून इतकी झकास निघाली की सारे मैदान पोट धरून हसले. जादूगार गरजला तेव्हा माझा पत्रा थरथरला. इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती.

मध्येच तोमासाकाकूंनी काकांना गाठले. काकांनी सिनेमाचा आवाज कमी केला आणि माइक उचलला. "तोमासाकाकूंकडे डुकराचं ताजं मटण शिल्लक आहे हो!"

"अहो, तिकडे जादूगार आलाय आणि तुम्ही मटण काय विकताय?" लोक ओरडले.

"जादूगाराला भूक लागत नाही वाटतं?" काकू म्हणाल्या.

अखेर मुलगी आणि खेचर कड्याच्या टोकाशी पोचले. मागे जादूगार. "उडी मार!" मुलगी ओरडली आणि एकदम सगळे आवाज थांबले. सिनेमाचा शेवट मुकाच होता; शब्द नाही, संगीत नाही. माझ्या घशात नुसती खरखर. मैदानावरचे लोक "आऽऽ" करून गप्प झाले. मग टाळ्या पडल्या, खुर्च्या उचलल्या जाऊ लागल्या. त्यांनी सगळे पाहिले होते. मला आणि एल्वियाला काहीच कळले नव्हते.

तेवढ्यात समोरच्या डोंगरावरून शिट्टी आली. आमच्याकडे दरीपलीकडच्या माणसांशी शिट्टीनेच बोलतात, त्यातला शब्द न् शब्द कळतो. एल्विया विचारत होती, "खेचर उडालं का?"

मैदान जागच्या जागी थांबले. काका माइककडे धावले, पण पोरे त्यांच्या आधी पोचली.

"उडालं, एल्विया! आधी पडलं, मग उडालं!"

"डोळे गच्च मिटून!"

"मडकं फुटलं! पहाट झाली!"

तोमासाकाकूंनी सगळ्यांना ढकलून माइक घेतला. "अगं, कान असे फडफडत होते! घाबरट मेलं, पण उडालं हो!"

मग एल्वियाची लांब, आनंदी शिट्टी आली. "तोमासाकाकू, मटण उरलंय का?"

काय हसले गाव! काकू तशाच पातेले घेऊन डोंगराकडे निघाल्या.

मित्रांनो, आता नवा चकचकीत कर्णा आणायचे बोलणे चालले आहे. जरूर आणा. मला अडगळीत ठेवले तरी माझी तक्रार नाही. फक्त गावात काही आनंदाचे असेल, तेव्हा त्याचे तोंड आधी त्या माणसाकडे वळवा, ज्याला येता आले नाही. आणि खेचर उडाले की नाही, ते त्याला आठवणीने सांगा.