हिरवे दिवे

राउटरची पिन काढून म्हाताऱ्याने मनातल्या मनात साठपर्यंत आकडे मोजले आणि ती पुन्हा खोचली. दिवे एकेक करून लागले. सगळे हिरवे. मागची वायर त्याने चिमटीत धरून हलवून पाहिली; घट्ट होती. हातातला फोन मात्र तेच सांगत राहिला, इंटरनेट नाही.

टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं लाईनमन म्हणून काढलेला माणूस. भर वादळात खांबावर चढून त्याने लोकांच्या लायनी जोडून दिल्या होत्या, आणि आता या वीतभर डब्याने चार दिवस त्याच्या नाकी नऊ आणले होते.

मुलगा म्हणाला होता, "लाईनच बंद आहे, बाबा. कंपनीला कळवलंय. तुम्ही उगाच हात लावू नका."

मुलाच्या आणि सुनेच्या फोनला त्यांचं वेगळं नेट होतं. घरात वायफाय असताना बाबांना वेगळा पॅक कशाला, असं कधीतरी ठरलं होतं. परदेशातल्या मुलीचा व्हिडिओ कॉल रोज सकाळी यायचा, तो या डब्याच्याच भरवशावर. चार दिवसांत तो आला नव्हता आणि म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी त्याने बिलावरचा नंबर फिरवला.

"तक्रार आजच करताय ना?" पलीकडून एका बाईने विचारलं. "आमच्याकडे आधीची काहीच नोंद नाही."

"आजच," तो म्हणाला.

दुपारी कंपनीची मुलगी आली. पाठीवर सॅक, कमरेला पक्कड. म्हाताऱ्याला ती पक्कड पाहूनच बरं वाटलं. तिने स्वतःचा फोन राउटरला जोडला.

"काका, नेट तर पळतंय. लाईन एकदम चोख आहे."

"माझ्यावर का येत नाही मग?"

तिने कंपनीचं ॲप उघडलं, यादीवरून बोट फिरवलं आणि थांबली. "तुमचा एकट्याचाच फोन बंद करून ठेवलाय, घरातल्याच कुणाच्या तरी ॲपवरून. रविवारी सकाळी, नऊ वाजून दहा मिनिटांनी."

म्हातारा खुर्चीत बसला. रविवारी नऊच्या सुमारास तो मुलीशी बोलत होता. न्हाणीघरात पाय घसरला, तासभर तसाच पडून होतो, ही दोघं बाहेर गेली होती, एवढंच त्याने सांगितलं होतं. तक्रार म्हणून नव्हे, बोलता बोलता. लगेच तिने भावाला फोन लावला होता. आतल्या खोलीतून मुलाचा चढलेला आवाज त्याने ऐकला होता, मग दार आपटल्याचा.

"चालू करून देऊ?" कंपनीच्या मुलीने विचारलं. "एका बोटाचं काम आहे."

त्याने हातातल्या फोनकडे पाहिलं. नेट आलं की परदेशातली मुलगी पहिलाच प्रश्न विचारणार, चार दिवस झालं काय होतं? तिच्यापुढे त्याला कधी थाप मारता आली नव्हती. आणि उद्या पुन्हा पाय घसरला, तर उचलायला याच घरातले हात येणार होते.

"राहू दे."

"अहो, पण मी काय लिहू?"

"आम्ही लिहायचो, ग्राहक घरी नव्हता."

तिने ॲपमध्ये तेच लिहिलं. मग सॅक उचलली.

संध्याकाळी मुलगा आला तो फोन हातात धरूनच. बूटही न काढता म्हणाला, "तुम्ही कंपनीला फोन केला होता?"

"केला होता. कोणी फिरकलं नाही."

"ग्राहक घरी नव्हता, असा मेसेज आलाय."

"माझा डोळा लागला असेल."

मुलाने श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सून आत वळली.

"म्हणून सांगत होतो, हात लावू नका," मुलगा आता मऊ आवाजात म्हणाला. "मी बघतो."

"किती दिवस लागतील?"

"आठवडा तरी."

"बरं." म्हाताऱ्याने मांडीवरच्या पंच्याची नीट घडी घातली. "तुझं बहिणीशी बोलणं झालं, तर सांग. बाबांचं दुखणं गेलं म्हणावं. घरात सगळे फार जपतात."

मुलगा बुटाची नाडी सोडायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.