टिटवीची पोच

मेल टाकला की लगेच फोन करायचा, "मेल टाकलाय, बघा." ही रीत शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयातल्या शकील सरांनीच पाडली होती. हिंगोली जिल्ह्यात संस्थेच्या त्रेचाळीस शाळा, आणि जुनी ईमेल यंत्रणा अशी लहरी, की कुठलं पत्र कुठं अडकेल याचा नेम नाही. होता होता मुख्याध्यापकांना सवयच लागली. फोन आल्याशिवाय कुणी मेल उघडायचंच नाही.

गेल्या वर्षी सर तापानं आठ दिवस पडले. नेमकं तेव्हाच शिष्यवृत्ती परीक्षेचं केंद्र बदललं. आखाडा बाळापूरच्या शाळेला मेल पोचला नाही आणि फोनही गेला नाही. नऊ लेकरं जुन्या केंद्राच्या कुलपासमोर पेन्सिली घेऊन उभी राहिली आणि घरी गेली. सर बरे झाले तसे बाळापूरला गेले. त्या नऊ जणांना समोर बसवून म्हणाले, "चूक आमची होती. पुन्हा होणार न्हाई." नऊ नावांची चिठ्ठी त्यांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली.

म्हणून यंदा नवी यंत्रणा निवडायचं ठरलं, तेव्हा सरांनी ते काम मागून घेतलं. निवृत्तीला सात महिने उरले होते. जोडीला पल्लवी. सर पूर्वी नरसीच्या शाळेत शिकवायचे, तेव्हा सातवीतल्या तिला त्यांनीच संगणकापुढं पहिल्यांदा बसवलं होतं. आता ती मुख्य कार्यालयात सहा वर्षं कंत्राटावर होती, आणि सरांचा उजवा हात होती.

परीक्षा साधी होती. तीन कंपन्यांच्या यंत्रणा, प्रत्येकीला एक आठवडा. रोज अकराला प्रत्येक शाळेला मेल जाईल, त्यात एका पाखराचं नाव असेल. पाचच्या आत शाळेनं तेच नाव उत्तरात लिहून पाठवायचं. अट एकच, फोन करायचा नाही. पाखरं रोज बदलायची, प्रत्येक शाळेचं वेगळं. पल्लवी हसून म्हणाली होती, "सर, तुमी हेडमास्तरांनाबी पहिलीत बसवलं."

पहिल्या यंत्रणेत रोजची सरासरी एकतीस शाळांची आली, दुसरीत चाळीस. तिसऱ्या आठवड्यात सरांच्या घरी लग्न होतं, म्हणून यादी पल्लवीनं सांभाळली. तिसरीनं सहाही दिवस त्रेचाळीसच्या त्रेचाळीस उत्तरं आणली. ही यंत्रणा सचिव रतनसिंग यांच्या साडूच्या कंपनीची होती. सरांना ते आधी खटकलं होतं. पण आकडा बघून त्यांनी मनातल्या मनात स्वतःचेच कान धरले, आणि पल्लवीला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम बाळापूरला गेले. नऊ लेकरांना सांगायचं होतं की काम झालं. शाळेचे कारकून संतराम चहा सांगून आले आणि सहज बोलून गेले.

"सर, ते टिटवीचं काय होतं हो?"

"मेलमधलं नाव. तुम्ही बरोबर पाठवलं की."

"मेल कुठला? बुधवारी लाईटच नव्हती दिवसभर, मोबाईलवरबी काई आलं न्हाई. पल्लवी मॅडमचा फोन आला, म्हणल्या टिटवी लिवा अन् धाडा. म्या मोबाईलवरनं लिवून धाडली."

चहा आला, निवला, त्यावर साय धरली. लेकरांच्या वर्गावर न जाताच सर परत फिरले. येताना एसटीत बसून त्यांनी सोळा शाळांना फोन लावला. अकरा ठिकाणी तेच ऐकलं.

पल्लवीला त्यांनी एकटीला गाठलं. आवाज चढवला नाही. काहून केलंस, एवढंच विचारलं.

सचिवांनी तिला कायम करायचा शब्द दिला होता, हे तिनं लपवलं नाही. मग म्हणाली, "सर, यंत्रणा कुठलीबी येऊ द्या. फोन तर करावाच लागतो. तुमीच तर शिकवलं."



सोमवारी बैठक झाली. पल्लवीचं नाव न घेता सर म्हणाले, सगळ्यांनी मोबाईल टेबलावर ठेवा, इथूनच एक मेल टाकू, तासभर उत्तरांची वाट बघू. रतनसिंग हसले. म्हणाले, "शकीलभाई, आता ही शाळा बंद करा." मग पल्लवीकडं वळून त्यांनी विचारलं, नोंदी बराबर आहेत ना? सरांनी तिच्याकडं पाहिलं. सातवीतली ती पोरगी चुकली की ओठ चावायची. आताही तिनं ओठ चावला.

"बरोबर आहेत," ती म्हणाली.

ठराव पास झाला. अहवालावर सरांनी सही केली नाही. एका सहीवाचून काही अडलंही नाही.

ते जिन्यापर्यंत आले, तेवढ्यात मागून पल्लवीचा आवाज आला. भरवशाची यंत्रणा निवडल्याचं पत्रक तिनं नव्या यंत्रणेवरून सगळ्या शाळांना धाडलं होतं, आणि आता ती एकेक नंबर लावत होती.

"संतराममामा, मेल टाकलाय, बघा."

सर परत आत गेले. आपल्या टेबलाची काच उचलून त्यांनी चिठ्ठी काढली आणि पल्लवीसमोर ठेवली. तिनं नऊ नावं वाचली. फोन कानालाच होता, पलीकडून संतराम हॅलो हॅलो करत होते.

"सात महिन्यांनी मी नसेन," सर म्हणाले. "तुला ताप आला, तर यांना फोन कोण करंल, तेवढं आजच ठरवून ठेव."