दूध चुगली करत नाही

काष्टीच्या बाजारतळाशी बसमधून उतरल्यावर प्रार्थना साळवेने आधी चहा मागवला. बेलापूरहून ती सकाळीच निघाली होती. आज मालनबाई ढवळे तिच्या कादंबरीबद्दल बोलणार होत्या. मालनबाईंच्या कादंबऱ्या वाचतच प्रार्थना मोठी झाली होती, आणि एम.एस्सी. करताना प्रयोगशाळेतून परतल्यावर तिने स्वतःची पहिली कादंबरी लिहून काढली होती. तिची एकच छापील प्रत काढून तिने बाईंना पाठवली होती. घरात ती कोणीही वाचलेली नव्हती.

शेजारच्या बाकड्यावर दोघीजणी शेळ्या विकून निवांत बसल्या होत्या.

"मग त्या रुपालीनं काय केलं गं, साळूबाई?"

"काय करंल? कॉलेजातनं तपासायची नळी आनली. समद्यांचं दूध तपासलं. आन् पानी निघालं ते बापाच्याच कॅनीत."

प्रार्थनाच्या हातातला कप तोंडापर्यंत गेलाच नाही. योगायोग असेल, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. रुपाली नावाच्या मुली पुष्कळ असतात. पण कॉलेजातून आणलेली नळी? बापाची कॅन? हे सगळं तिच्या लॅपटॉपमध्ये होतं आणि त्या एका प्रतीत.

"मावशी, ही रुपाली कुठली?" तिने विचारलं.

"तिकडं वरच्या अंगाची हाय कुनीतरी. बाईंच्या वट्यावर ऐकली आमी. लई गुनी पोरगी, पन बाप असला निघाला बग."

चहा तसाच ठेवून प्रार्थना उठली. बाईंचं घर बाजारतळाच्या मागेच होतं. कोपऱ्यावर वळताच तिला ओटा दिसला. पिशव्या, कासरे, कोंबड्यांची पाटी असं सगळं भिंतीशी लावून बरीच माणसं ओट्यावर टेकली होती. मधोमध खुर्चीत मालनबाई चष्मा लावून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर प्रार्थनाची कादंबरी उघडी होती. त्या मोठ्याने वाचत होत्या.

"ये," प्रार्थनाला पाहून बाई म्हणाल्या. "तुझंच चाललंय. मंडळी, हीच ती लिहिणारी."

सगळ्या माना वळल्या. प्रार्थनाला वाटलं, आपल्याला कोणीतरी अंगणात उभं करून अंगावरची ओढणी काढून घेतली आहे.

"बाई, हे तुम्ही सगळ्यांना..."

"फोनवर सांगितलं होतं की तुला. चार माणसांत वाचून बघते म्हटलं. तू बरं म्हणालीस."

ती बरं म्हणाली होती खरी. चार माणसं म्हणजे पुण्यातले कोणी प्रकाशक, कोणी समीक्षक, असं तिने गृहीत धरलं होतं. शेळ्या विकून बसची वाट पाहणारी माणसं तिच्या डोक्यातही आली नव्हती.

"मी माझं लिखाणही असंच वाचते, पहिल्या पुस्तकापासून," बाई म्हणाल्या. "शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांना वाचून दाखवायची. आता ओटा आहे. हे बघ. लाल खूण आहे तिथं लोक 'मग?' म्हणाले. निळी खूण आहे तिथं तंबाखूच्या पिशव्या निघाल्या."

प्रार्थनाने प्रत हातात घेऊन पानं चाळली. दूध कसं नासतं, त्यात जिवाणू कसे वाढतात, यावर तिने जीव ओतून लिहिलेलं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत निळं होतं.

"त्या किड्यांच्या टायमाला मी एक झोप काढली," कोंबड्यावाला म्हणाला. "उठलो तरी किडेच."

लोक हसले. प्रार्थनाही हसली असती, पण तेवढ्यात खांबाला टेकलेल्या एका माणसाने विचारलं, "ताई, तुमी बेलापूरच्या का?"

"हो. का?"

"माझं नाव श्रीमंत. दुधाचा टँकर हाय माझ्याकडं. तिकडं फेरी असती." तो जरा पुढे सरकला. "तुमच्या गोष्टीतला रुपालीचा बाप, सहादेव, कॅनीचं झाकन उघडलं की आधी कानाला लावतो. कुनी इचारलं, दूध बोलतं का, तर म्हनतो, बोलतं, पन चुगली करीत न्हाई. हे तर आपल्या पीटरभाऊंचं बोलनं. तुमी त्यांच्या कोन?"

"मुलगी," प्रार्थना म्हणाली.

आत्तापर्यंत रुपालीच्या बापाला नावं ठेवणारी सगळी माणसं आता तिच्याकडे पाहत होती.

मालनबाईंनी चष्मा काढला. "मंडळी, बस येईल तुमची. आज एवढंच." माणसं कुरकुरत पिशव्या उचलू लागली. श्रीमंत मात्र थांबला. ओटा मोकळा झाल्यावर बाईंनी विचारलं, "खरं आहे का हे? वडिलांनी पाणी घातलं होतं?"

"नाही. म्हणजे... मला माहीत नाही." प्रार्थना पायरीवर बसली. "पप्पांचं दूध संकलन केंद्र आहे. मी कॉलेजात असताना एकदा डेअरीने दूध परत पाठवलं. केंद्र महिनाभर बंद होतं. पप्पा कोणाशी बोलत नव्हते. चर्चलाही गेले नाहीत. मग पुन्हा सुरू झालं. काय झालं होतं ते मी कधी विचारलं नाही."

"मग हे पान कशावरून लिहिलंस? प्रयोग न करता निकाल लिहिला असतास, तर तुझ्या सरांनी काय केलं असतं?"

प्रार्थनाने पाण्याचं ते पान दुमडलं.

"कादंबरीत हवं ते रचावं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "नवीन लिहिणाऱ्यांना मी तेच सांगते, घाबरू नका म्हणून. पण जिवंत माणूस आख्खा उचलून आणायचा आणि त्याच्या डोक्यावर अंदाजाने गुन्हा ठेवायचा, हे रचणं नव्हे. नाव बदललंस, गाव बदललंस, चर्चचं देऊळ केलंस. झाकण कानाला लावणं तेवढं तसंच ठेवलंस. का?"

"तेच सगळ्यात चांगलं जमलं होतं."

"हो. तिथंच सगळ्यात जास्त लाल आहे."

श्रीमंतने टोपी काढून पुन्हा घातली. "माझं चुकलं का काय कळंना," तो म्हणाला. "मी तर मागल्या फेरीलाच पीटरभाऊंना सांगितलं. म्हनलं, तुमच्यासारखाच एक मानूस काष्टीच्या गोष्टीत हाय, सेम तुमचंच बोलनं. समदी गोष्ट सांगितली. मला काय ठावं लिहिनारी तुमी हाय."

प्रार्थना त्याच्याकडे वळली. "काय म्हणाले?"

"हसले. शेवट काय हाय म्हनले. म्हनलं, अजून वाचून व्हायचाय."

मांडीवरच्या पिशवीकडे तिचं लक्ष गेलं. सकाळी पप्पांनीच तिला मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडलं होतं. बस सुटताना खिडकीतून पेरूंची पिशवी आत दिली होती, बाईंना दे म्हणून. आणि सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "शेवट लिहून झालाय का गं?" आपल्या कामाची किती चौकशी करतात, असं वाटून तिला बरं वाटलं होतं. तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

"फोन कर," बाई म्हणाल्या आणि श्रीमंतला घेऊन आत गेल्या.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. मागे कॅनींचा खणखणाट होता.

"पोचलीस का?"

"हो."

"पेरू दिले?"

"पप्पा, श्रीमंतने तुम्हाला सांगितलं होतं. सकाळी तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"एवढी खुशीत निघाली हुतीस. कशाला बोलायचं?"

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"व्हय," पप्पा म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. "लई वाट बघितली मी. एवढी शिकलेली पोरगी, आज इचारंल, उद्या इचारंल."

"आता विचारू?"

"फोनवर नको. ते पुस्तक घेऊन घरी ये. पयल्या पानापासून वाच. मी ऐकतो. जिथं चुकलं असंल तिथं थांबवीन."

प्रार्थनाने हातातल्या प्रतीकडे पाहिलं. पाण्याचं पान दुमडलेलं होतं, कडेने लाल.

"आणि तुम्ही थांबवलंच नाही तर?"

पलीकडे कोणीतरी कॅन टेकवली. झाकण उघडल्याचा आवाज आला. त्यांनी ते कानाला लावलं असणार.

"तर वाचत राहा," पप्पा म्हणाले.