पहिलं धुणं

उन्नतीने नवऱ्याच्या हातात पाण्याची रिकामी बाटली दिली आणि संडासाच्या दाराशी पाय रोवून उभी राहिली.

"ह्याच्यात करा. मला बघायचंय."

"डोकं फिरलंय काय तुजं?" निमेश म्हणाला, आणि पुढचं सगळं खोकल्यात गेलं. तरी बाटली घेऊन आत गेला. न जाऊन सांगतो कुणाला!

टीबीच्या गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले होते. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण छातीच्या फोटोत डाग होता, म्हणून बोईसरच्या एका डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. खोकला मात्र जागचा हलला नाही. ताप यायचा, जायचा, गुडघे धरायचे, पँट सुतळीने बांधायची वेळ आली होती. उन्नतीची खात्री होती की हा माणूस गोळ्या फेकून देतो. तिच्या बापाने तेच केलं होतं. गोळी गालात धरायची, घरामागे जायचं आणि खाडीत थुंकायची. तो गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. गोळी पोटात गेली की लघवी केशरी होते, हे ती त्या घरात शिकली. माणूस खोटं बोलेल, लघवी कशी बोलेल?

दार उघडलं. बाटलीतलं पाणी चांगलं केशरी होतं.

तिने ते उजेडात धरून दोनदा पाहिलं. तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आता भांडायलाही कारण उरलं नव्हतं. माणूस रोज गोळ्या घेत होता आणि रोज झिजत होता.

"पटलं?" निमेशने विचारलं.

"पटलं. म्हंजे गोळीच चुकीची हाय. कपडे घाला, पालघरला जायचं."

पालघरच्या डॉक्टर पूर्वी राऊत यांनी जुने-नवे फोटो शेजारी शेजारी लावून बराच वेळ पाहिले.

"हल्ली कुठे बाहेरगावी गेला होतात का?"

"अमेरिकेला," उन्नतीच म्हणाली. हे सांगताना तिची मान आपोआप ताठ व्हायची.

"कुठल्या भागात?"

"अ‍ॅरिझोना," निमेश म्हणाला. "कंपनीने पाठवलेलं, सोलरच्या कामाला. सा महिने."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वाळवंट आहे ते. तिथे मातीत काम केलंत? खणणं वगैरे? धूळ?"

निमेशने एकदा बायकोकडे पाहिलं.

"नाय. मी सुपरवायझर. एसीत बसून कंप्युटरवर काम."

"नक्की?"

"नक्की."

"मग तो विचार बाजूला ठेवू," म्हणत डॉक्टरांनी पुन्हा पेन उचललं.

उन्नती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. ती एसीतली नोकरी पालघरजवळच्या माहीमच्या मासळीबाजारात तिनेच पोचवली होती, बोंबील विकताना आवाज चढवून. दोन्ही जावांची तोंडं तिने त्यावर बंद केली होती. बंद बोटाला इतका आवळला गेला की बोट पांढरं पडलं.

"खोटं बोलतायत ते," ती म्हणाली.

"उन्नती!"

"तुमी गप बसा. मॅडम, आल्याआल्या ह्यांचे कपडे मी धुतले. चार बादल्या पाणी लाल झालं. खिशांच्या शिवणीत माती, मोज्यांत माती. एसीत एवढी माती कुठून येल?"



"माणसं कमी पडली तिकडं," निमेश फरशीकडे बघत म्हणाला. "केबल टाकायला चर खणायला लावलं. वारा सुटला का समोरचा माणूस दिसायचा नाय."

"त्या भागातल्या कोरड्या मातीत एक बुरशी असते," डॉक्टर म्हणाल्या. "माती उकरली की धुळीबरोबर छातीत जाते. फोटोत टीबीसारखीच दिसते, पण टीबीच्या गोळ्यांना दाद देत नाही. अजून नुसता संशय आहे. रक्त मुंबईला पाठवू, छातीतला नमुनाही घेऊ. बुरशी निघाली तर तिचं औषध वेगळं आहे." मग उन्नतीकडे वळून म्हणाल्या, "आणि ती एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पण रिपोर्ट येईपर्यंत गोळ्या आणि घेताय ती काळजी चालूच ठेवा."

निमेशचं ताट चार महिने वेगळं होतं. खाट बाहेर ओट्यावर होती आणि स्वरा, त्यांची पोर, उंबऱ्याच्या आतूनच बाबाशी बोलायची. उन्नतीने नुसती मान हलवली.

रक्त दिल्यावर दोघं बाहेर बाकावर बसली. कापूस नीट दाबलेला नव्हता, म्हणून तिने त्याचा हात मांडीवर ओढून घेतला आणि आपणच दाबून धरला.

"कदी कळलं तुला?" निमेशने विचारलं.

"पयल्या धुण्यालाच."

"आठ महिने झाले त्याला." "एकदा पण बोलली नाय?"

तिने कापूस उचलून पाहिला. रक्त थांबलं होतं. तरी तिने तो पुन्हा दाबला.

"एसीवाला नवरा मला पण हवा होता," ती म्हणाली.