पहिल्या टेकचे अश्रू

"फाइल वर गेलीय, काका. कळवतो." ट्रस्टच्या ऑफिसातली मुलगी सलग चौथ्या दिवशी फोनवर हेच म्हणाली. आणि मंजुरीचं पत्र सोमवारपासून तिच्याच टेबलावर पडलं होतं!

शिंपीकाकांच्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, लगेच ऑपरेशन करा, नाहीतर डोळा हातचा जाईल. खर्चासाठी काकांनी ट्रस्टकडे अर्ज केला होता. पण ट्रस्टचा नियमच तसा. मदतीची बातमी द्यायची ती दर शुक्रवारच्या टीव्ही कार्यक्रमात, स्टेजवर, कॅमेऱ्यासमोर. आधी कळलं की माणूस घरीच रडून मोकळा होतो, कॅमेऱ्याला पहिल्या टेकचे खरे अश्रू मिळत नाहीत. नियम खुद्द ट्रस्ट आणि कार्यक्रम चालवणाऱ्या ताईंचा. एका खोलीच्या घरातून निघालेल्या ताई रेडिओवर बातम्या वाचत वाचत टीव्हीवर आल्या आणि घराघरात पोचल्या. त्यांनी शाळा बांधल्या, दवाखाने उभे केले. देणं खरं होतं, म्हणून कोणी ब्र काढत नव्हतं.

शुक्रवारी मेकअपवाल्या मावशींनी काकांच्या गालाला पावडर लावली. "बघा बरं आरशात."

"कुठंय आरसा?" काका म्हणाले. "डावा डोळा लहानपणीच गेलेला. उजव्यावर शिवत होतो. काल तोही गेला."

मावशी तशाच ताईंच्या खोलीत घुसल्या.

"ताई, तुमच्या शुक्रवारची वाट बघत त्या माणसाचा डोळा गेला!"

"मावशी, लोक बघतात म्हणून देणग्या येतात. हजारोंचं भलं होतं."

"होतं ना. पण भुकेल्यापुढं ताट ठेवायचं आणि फोटोवाला येईपर्यंत त्याचा हात धरायचा, याला दान म्हणत नाहीत. स्वतःच्या बापाला औषध असं दिलं असतंत?"

ताई पत्र घेऊन उठल्या.

स्टेजवर त्यांनी पत्र वाचलंच नाही. "मंजुरी सोमवारीच झाली होती. मी दाबून ठेवली. यांचा डोळा मी घालवला," एवढं बोलून त्या ढसाढसा रडल्या.

सगळा हॉल उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट! काय हे मोठं मन!

"मग सोमवारीच का नाही सांगितलंत?" काका विचारत होते. टाळ्यांत ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

आता ट्रस्टचं पत्र मंजुरीच्याच दिवशी निघतं, कॅमेऱ्याशिवाय. काकांना त्याचा काय उपयोग? मंडळी, एकट्या ताईंना नावं ठेवून आपण सुटत नाही. दुसऱ्याचं रडणं बघायला दर आठवड्याला आपणच बसत होतो. द्यायचं असेल तर गरज असेल त्याच दिवशी द्या, आणि घेणारा रडतो की नाही ते बघत उभे राहू नका.