कुजीचं निमित्त

"ऐकतेस का?" ताईने प्लॅस्टिकच्या पडद्याजवळ तोंड नेऊन विचारलं. "माझ्याकडे मिरच्या कुजायला लागल्यात."

पलीकडे धाकटीच्या कात्रीचा आवाज थांबला.

आई गेली तेव्हा ताईने वेळेवर कळवलं नाही, शेवटची भेट चुकली, हे धाकटीने मनात धरलं ते धरलंच. वडिलांच्या हरितगृहाच्या मधोमध तिने पडदा लावून घेतला. छप्पर एक, ढोबळी मिरचीचं पीक एक, आणि दोघी बहिणी तोंडं फिरवून बसलेल्या.

त्या पडद्याने वाराच अडवला होता. सकाळी फळांवर पाणी साचायचं. वाळक्या पाकळ्या देठापाशी चिकटून राहायच्या, तिथे करडी लव धरायची आणि खाली फळ मऊ पडायचं. खोटं कशाला बोला, ती कूज बघून ताईला आतून बरंच वाटलं होतं. हाक मारायला काहीतरी मिळालं.

"माझ्याकडेही आहे," पलीकडून अखेर आवाज आला. "पडदा काढावा लागेल."

दोघींनी मिळून तो उतरवला. मग कुजकी फळं तोडायला लागल्या.

"पिशवीचं तोंड बांध, बुरशी उडते," धाकटी म्हणाली.

"माहितेय मला."

"माहितेय तर बांध की!"

ताईला हसू फुटलं. लहानपणीही ही अशीच डाफरायची. चिकटलेल्या पाकळ्या झटकल्या, खालची पानं काढली, संध्याकाळचं पाणी सकाळी द्यायला लागल्या, छताच्या झडपा उजाडताच उघडायला लागल्या. धाकटी बोलायची ती कुजीबद्दलच, पण बोलायची. ताई ठाऊक असलेलंही पुन्हापुन्हा विचारून घ्यायची.

एका सकाळी ताई सगळ्या रांगा बघून आली.

"सापडली कुठे?" धाकटीने विचारलं.

'आहे अजून' हे शब्द ताईच्या अगदी ओठांवर आले होते. पण पिकाच्या बाबतीत तिला खोटं बोलवेना.

"नाही. साफ आहे सगळं."

"सुटले बाई एकदाची," धाकटी म्हणाली आणि हात धुऊन आपल्या बाजूला निघून गेली.

आता इकडून तिकडचं सगळं दिसत होतं. धाकटी पाठमोरी वाकून फांद्या बांधत होती, मानेवरचा घाम पुसत होती. ताई दोनदा तिच्या दिशेने चार पावलं गेली. मध्ये काहीच नव्हतं, पण हाक मारून बोलायचं काय, ते तिला सुचेना.