हीटरचा पॉइंट

आमचा बाळ बेचाळीस वर्षांचा आहे. टक्कल पडत चाललंय, कंबर धरते, घरी शाळेत जाणारी दोन मुलं आहेत. पण आईच्या तोंडी अजून बाळच, म्हणून मीही तेच म्हणते. तो पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीत व्हॅन चालवतो. आधी डिझेलची होती, मग कंपनीने सगळ्यांना बॅटरीवरच्या दिल्या. पांढऱ्याशुभ्र, आवाज न करणाऱ्या. बाळाला तिचं भारी कौतुक. उन्हाळ्यात भेटला तेव्हा मला शेजारच्या सीटवर बसवून एकेक बटण दाबून दाखवत होता.

मग थंडी पडली आणि ती व्हॅन आजारी पडली. आजारी हा आईचा शब्द. खरं म्हणजे थंडीत बॅटरीचा जीव कमी होतो, एवढंच. सकाळी काठोकाठ भरून निघालेली गाडी दुपारी निम्म्याच्या खाली येते, आणि आतला हीटर लावला तर त्याच्याही आधी. बाळाने हे सगळं फोनवर आईला नीट समजावून सांगितलं आणि शेवटी मुद्द्यावर आला: आता थंडी सरेपर्यंत तुझ्याकडे यायला जमायचं नाही, तुझं घर पडलं एका टोकाला, तिथून परतताना बंद पडलो तर मला ढकलायला कोण येणार?

आईचं घर टोकाला आहे हे खरं. उंच इमारती संपतात, गोदामं सुरू होतात, त्यांच्या अलीकडे बसक्या खोल्यांची एक रांग आहे. त्यातल्या दोन खोल्या आईच्या. एक खिडकी रस्त्याकडे. पण बॅटरी धडधाकट होती तेव्हा तरी हा कुठे रोज येत होता? महिन्या-दीड महिन्याने एकदा उगवायचा, तेही उभ्याउभ्या, हातात गाडीची चावी नाचवत. मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. गुरुवारी सुट्टी असते आणि दर गुरुवारी दोन बस बदलून मी आईकडे जाते. माझ्या बसला थंडी बाधत नाही.

आईने मात्र त्याचं म्हणणं जसंच्या तसं गळी उतरवून घेतलं. मी गेले की माझ्या गुडघ्याची चौकशी नंतर, आधी व्हॅनची. "बाळाशी बोललीस का? गाडीला उतार पडला का जरा?" जसं काही घरातलंच कुणी अंथरुणाला खिळलंय. मी म्हणायचे, "आई, ती गाडी आहे. तिला कशाला उतार पडेल?" तर म्हणायची, "अगं, पण ओढ तर लागते ना जिवाला." आता ही ओढ गाडीची की गाडीवानाची, हे काही मी विचारलं नाही.

आणि एके दिवशी दुकानात मशीनवर होते तेव्हा तिचा फोन आला. एरवी आई फोनवर दबक्या आवाजात बोलते. त्या दिवशी तिचा आवाज असा चढला होता की बाजूच्या मशीनवरच्या बाईनेही मान वर केली.

"बाळ रोज येतो आता."

"रोज?"

"रोज. मीच युक्ती काढली. म्हटलं, इथेच लाव की गाडी चार्जिंगला. वायर असते त्याच्याजवळ. जेवणाच्या सुट्टीत येतो, लावतो, संध्याकाळचं निभावतं त्याचं."

मला आनंद झाला आणि पोटातही दुखलं. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी न चुकता जाते आहे, पण माझ्या येण्याने आईचा आवाज कधी एवढा चढला नव्हता. मशीनवरचा पडदा तसाच सरकत राहिला आणि शिवण वाकडी गेली. ती उसवत बसले.

त्या गुरुवारी मुद्दाम दुपारची बस धरली. म्हटलं, दोघं गप्पा मारत बसले असतील, आपणही बसू. व्हॅन खिडकीला अगदी खेटून उभी होती. तिच्या काचा आतून वाफेने पांढुरक्या झालेल्या. मी हाताने आडोसा करून पाहिलं. बाळ सीट मागे टाकून झोपला होता. जाकीट काढून ठेवलेलं, नुसत्या शर्टावर, टोपी डोळ्यांवर. पुढच्या जाळीतून गरम हवा येत होती, तिच्यासमोर त्याने मोजे वाळत घातले होते. वायर गाडीतून निघून आईच्या खिडकीत शिरली होती.

मी आत गेले. आत थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त वाटली. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. स्वेटरवर कोट, कोटावर शाल, डोक्यावर बाबांची जुनी कानटोपी. वायर आत यावी म्हणून खिडकी बोटभर उघडी होती आणि त्या फटीत तिने अंघोळीचा टॉवेल कोंबला होता. हीटर कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे, वायर गुंडाळून ठेवलेला.

त्या घरात जाड पिनेचा पॉइंट एकच आहे. हीटरचा. बाकीचे सगळे दिव्याबिव्याचे, त्यांत गाडी लावली तर सगळा अंधार. हे मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, आणि बाळालाही ठाऊक होतं. हीटर घेतला तेव्हा तो पॉइंट वायरमनला उभं करून त्यानेच बसवून घेतला होता.

"आई, हे काय?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

दोघांच्या मध्ये भिंत, गाडीची काच आणि वर गाडीतल्या हीटरच्या पंख्याचा घरघराट. तरी आई कुजबुजत होती. टेबलावर दोन कप होते. त्याच्या कपावर बशी झाकलेली. मी बशी उचलली तर चहावर साय धरलेली.

"आत येतो ना तो?"

"येतो की. पिन लावायला येतो, काढायला येतो." मग खिडकीकडे बघत, "दमतो गं. झोपू दे की. झोपेत अजून तोंड उघडं टाकतो, लहानपणी टाकायचा तसं."

मी तिचा हात धरला. नखं निळसर झाली होती. त्या हाताने ती रोज खिडकीची काच पुसायची, तो दिसावा म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाकले, पॉइंटमधून त्याची पिन उपसली आणि हीटरची घातली.

बाहेरचा घरघराट थांबला. थोड्या वेळाने गाडीचं दार वाजलं आणि बाळ मोजे न घालताच बूट फरफटवत आत आला. "आई, लाइट गेली का?" मग त्याला मी दिसले, मग लाल झालेला हीटर दिसला.

"लाइट आहे," मी म्हटलं. "आईसाठी लावली."

"ताई, अगं मला अजून निम्मी पार्सलं टाकायचीत."

"टाक की. आईला या बर्फात बसवून का?"

तो भिंतीला टेकला. त्याचा चेहरा खरंच ओढलेला होता, हे मला मान्य केलं पाहिजे. "तुला काय सांगू," तो म्हणाला. "सकाळपासून हीटर बंद ठेवून चालवतो. पायाची बोटं बधिर होतात, ब्रेकवर पाय आहे की नाही कळत नाही. डेपोत तीन चार्जर आणि दुपारी त्यांच्यापुढे ही रांग. पार्सलं परत नेली की साहेब सगळ्यांसमोर सालटी काढतो. म्हणतो, बाकीच्यांना जमतं, तुलाच बरी थंडी वाजते. हा एक तास मिळतो मला दिवसात. एक तास."

"आणि हिला?"

"विचारलं होतं मी तिला. ती म्हणाली, मला उकडतं."

"आणि तू मानलंस."

"आईनं सांगितलेलं मानायचं नाही का आता?"

हा माणूस साधी टोपी घ्यायची तर तीन दुकानं पालथी घालतो, दुकानदाराचा शब्द खरा धरत नाही. पण कडाक्याच्या थंडीत पंचाहत्तरीच्या बाईला उकडतं, हे मात्र त्याला पटलं. पटवून घेतलं. मी तसं बोलूनही दाखवलं, आणि अजून बरंच काही बोलले, बाबांच्या आजारपणापासूनचं.

भांडण थांबवलं ते आईने. ती खुर्चीच्या हातांचा आधार घेत उठली, माझ्या आणि बाळाच्या मधून वाट काढत पॉइंटपाशी गेली, आणि हीटरची पिन काढली. गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली, गाडीची पिन उचलली आणि घातली. बाहेर घरघराट परत सुरू झाला.

"तुझं बोलून झालं असेल तर चहा गरम कर त्याचा," ती मला म्हणाली. "त्याला उशीर होतोय."

"आई, तू आजारी पडशील."

"पडेन. तू गुरुवारी येतेस. हा रोज येतो."

इतकं सरळ ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी चहा गरम केला. बाळ कप घेऊन गाडीत जाऊन बसला, कारण आत फार गारठा होता.

मग मी घरमालकाला भेटले. नवी लाइन ओढायला तो तयार होईना. म्हणाला, म्हातारीला हीटर पुरतोय की. पुढच्या गुरुवारी मी गरम पाण्याची रबरी पिशवी नेली, मीच शिवलेल्या जाड खोळीत घालून. आईने पोटाशी धरली, बरं वाटतंय म्हणाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी पिशवी कुठे दिसेना. व्हॅनमध्ये वाकून पाहिलं, तर बाळाच्या पायाखाली माझी खोळ. आईला विचारलं तर म्हणाली, "त्याची बोटं बधिर होतात गं. तूच ऐकलंस ना?"

त्या थंडीत आईला खोकला लागला तो गेलाच नाही. डॉक्टरांनी छाती तपासली आणि घर उबदार ठेवा म्हणाले. आई मान हलवत होती, शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी. घरी आल्यावर घड्याळाकडे पाहिलं, बाळाची वेळ झाली होती, आणि तिने हीटर बंद करून कोपऱ्यात सरकवला. टॉवेल मीच नीट घडी करून खिडकीच्या फटीत बसवला, वारा कमी यावा म्हणून. दुसरं मी काय करणार होते?

हवा पालटली तशी सगळ्यांची तोंडं खुलली. बसमधले लोक कोट हातावर घेऊन बसू लागले. दुकानात पातळ पडद्यांची मागणी आली. एकट्या आईचं तोंड उतरलं. खिडकीतून ऊन आत आलं की ती त्याच्याकडे नको असलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी बघायची. "अजून एखादी थंडीची लाट येते ना गं मधेच? दर वर्षी येते." मी म्हटलं, येते. ती आली नाही.

बाळ आधी एक दिवसाआड येऊ लागला, मग आठवड्यातून एकदा, मग तेही नाही. मी त्याला फोन केला. न चिडता बोलायचं ठरवूनच केला.

"आता तर गाडी पोचते ना रे?"

"मस्त पोचते," तो म्हणाला. अगदी मोकळेपणाने, मनात काही नसताना. "एका चार्जमध्ये सगळा दिवस निघतो गं आता. मध्ये कुठे थांबायची गरजच पडत नाही."

मी फोन ठेवला. त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं होतं, पण त्याने खोटं काय सांगितलं होतं?

काल गुरुवार होता. मी गेले तेव्हा आई खिडकीपाशीच होती. काच पुसलेली, टेबलावर दोन कप, एकावर बशी. आम्ही बसलो होतो, तेवढ्यात समोरच्या मोठ्या रस्त्यावरून पांढरी व्हॅन गेली. आमच्याकडे वळायच्या ठिकाणी तिचा वेगही कमी झाला नाही. त्याचीच होती की दुसऱ्या कुणाची, मला सांगता येणार नाही. आईने ओळखली.

"चांगली पळते आता," ती म्हणाली. "बरी झाली बाई एकदाची." आणि तिला खोकल्याची उबळ आली.

ढग आले होते, खोलीत गारवा होता. मी कोपऱ्यातून हीटर ओढला, वायर सोडवली आणि पिन घालायला वाकले.

"नको," आई मागून म्हणाली. "पॉइंट मोकळा असू दे तो."